हासळीच्या हाडाचा जमाखर्च

रिसोडसारख्या कसब्यात, जेथे आश्विन सरता सरता सोयाबीनच्या पोत्यांनी बाजार समितीचे आवार भरून जाते आणि कित्येक शेतकरी पीक वाळविण्यासाठी प्रसंगी डांबरी सडकच खळ्यासारखी वापरतात, तेथे मोटारसायकल घसरून खांद्यावर आपटलेला गडी ही काही नवलाईची गोष्ट नव्हे. छातीच्या मध्यापासून निघून खांद्याच्या टोकाशी पोहोचणारे, बोटाएवढ्या जाडीचे आणि किंचित नागमोडी असे जे हाड, ज्याला आपण हासळीचे हाड म्हणतो, तेच अशा वेळी बहुधा मोडते. कारण हाताला धडाशी जोडणारा अस्थिमय दुवा तेवढा एकच असून खांद्यावर बसलेला आघात अखेर त्यालाच सोसावा लागतो. हाड मोडले की गावात ताबडतोब दोन तट पडतात. एक म्हणतो, हात गळ्यात बांधा, दीड महिन्यात आपोआप जुळेल. दुसरा म्हणतो, आजच्या आज अकोल्याला न्या आणि प्लेट टाकून घ्या. दोन्ही तटांपाशी दाखल्याला चार-दोन माणसे तयार असतात, आणि म्हणूनच वादाचा निकाल कधी लागत नाही.

यंदा दिवाळीच्या सुटीत हे दोन्ही तट मला एकाच ओसरीवर आणि एकाच घराण्यातले भेटले. एक, ज्यांना सारी आळी काकाजी म्हणते ते वयोवृद्ध गृहस्थ. नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले, ज्यांचे आजे पंचक्रोशीत हाडे बसविण्याबद्दल प्रसिद्ध होते, आणि ज्यांनी स्वतः ती विद्या न उचलता सुश्रुतसंहितेची दोन भाषांतरे मात्र पाने सुटेपर्यंत वाचलेली. दुसरा त्यांचा सख्खा पुतण्या, अकोल्यास अस्थिरोगांचा शल्यचिकित्सक. वादाचे निमित्त झाला बाजार समितीतला एक तरुण हमाल, जो चार दिवसांपूर्वी लोणारच्या रस्त्यावर पडला होता आणि आपला एक्स-रे ‘जरा साहेबांना दाखवा’ म्हणून काकाजींपाशी ठेवून गेला होता.

डॉक्टरांनी ती काळी फिल्म खिडकीच्या गजांशी धरली. आतला तुकडा वर उचललेला, बाहेरचा त्याच्याखाली सरकलेला, आणि दोहोंच्या मध्ये एक ढलपी जवळजवळ उभी राहिलेली, एवढे माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसले.

“मानेचा स्नायू हा तुकडा वर ओढतो,” डॉक्टर म्हणाले, “हाताचे ओझे तो तुकडा खाली खेचते आणि छातीचा स्नायू त्याला आत घेतो, म्हणून टोकांचा एकमेकांशी संबंध उरत नाही आणि खांदा आखूड होतो. येथे दोन सेंटिमीटर तरी आखडला आहे. माझे मत विचाराल, काकाजी, तर याच आठवड्यात प्लेट.”

“मत ऐकले, आता दाखला दे,” काकाजी म्हणाले. “माझ्या आज्यांनी हातापायाला बांबूच्या कामट्या बांधल्या, कांडवेलीचा लेप घातला, ते सारे मी लहानपणी पाहिले आहे; पण हासळीला ते कामटी लावीत नसत. रोग्याला उताणा निजवून पाठीच्या मध्यभागी वळकटी द्यायची, खांदे मागे न्यायचे आणि हात गळ्यात बांधून टाकायचा. आणि हाड जुळत असे. खांद्यावर उंचवटा राही, पण तो माणूस पुन्हा नांगर धरी.”

“हीच कृती इजिप्तमधल्या एका पपायरसात लिहिलेली आहे, आणि त्याची आज उपलब्ध असलेली प्रत इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांची आहे. तेव्हा तुमच्या आज्यांना मी नावे ठेवीत नाही. फक्त एक सांगतो, की हाडवैद्यांची बरीचशी कीर्ती याच हाडाने मिळवून दिलेली आहे. ते वरवर असते, त्याला रक्ताचा पुरवठा ठीक असतो, आणि बहुसंख्य माणसांत ते काहीही केले तरी जुळते. काहीही केले तरी जे होणारच, त्याचे श्रेय मग जो जवळ बसला असेल त्याच्या खाती जमा होते.”

काकाजी हसले, आणि जन्मभर अर्जदारांच्या कैफियती ऐकलेल्या माणसाच्या थंडपणाने उत्तरले, “मग बाबू, हेच कलम तुलाही लागू करू. जे हाड गळ्यात हात बांधूनही जुळलेच असते, त्यावर तू प्लेट ठोकलीस आणि ते जुळले, तर ते श्रेय कोणाच्या खाती जमा करायचे?”

या प्रश्नाने संभाषणाला जे वळण दिले ते मला मोलाचे वाटते. दोघांनाही आपापल्या यशाचे आकडे पुढे करता आले असते, आणि वाद जुन्याच खोबणीत फिरत राहिला असता; त्याऐवजी दोघांच्याही यशातून निसर्गाचा वाटा वजा करावा आणि बाकी काय उरते ते पाहावे, असा हिशेब सुरू झाला. बाकी म्हणजे न जुळणारी हाडे. ती कोणाची?

डॉक्टरांनी प्रथम प्रतिपक्षाचाच सर्वांत बळकट पुरावा मांडला. १९६० साली न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअर यांनी हासळीच्या मध्यभागी मोडलेल्या २,२३५ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत शस्त्रक्रियेविना उपचार झालेल्यांपैकी केवळ ३ जणांचे हाड जुळले नव्हते. १९६८ साली कार्टर रो यांच्या नोंदीत हे प्रमाण शेकडा ०.८ निघाले. “तीन-चार दशके आमच्या पाठ्यपुस्तकांवर याच आकड्यांचा अंमल होता. हासळीला सुरी लावणारा शल्यचिकित्सक उतावळा समजला जाई.”

“मग खटला निकाली निघाला.”

“तसेच वाटत होते. पण १९९७ साली ज्यांच्या हाडाची टोके एकमेकांपासून पूर्ण सुटलेली होती अशा ५२ प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा ८ जणांचे हाड जुळलेलेच नव्हते, आणि ज्यांचे हाड दोन सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक आखडले होते त्यांच्यात हा धोका विशेष दिसला. हजारी एक कोठे आणि शेकडा पंधरा कोठे!”

“माणसांची हाडे चाळीस वर्षांत एवढी बिघडली?”

“हाडे तीच; फडताळ बदलले. जुन्या नोंदींत मुलांची हाडे होती, न सरकलेली हाडेही होती. या दोन्ही जाती जवळजवळ हमखास जुळतात. साऱ्यांची एकच सरासरी काढली, की ज्याची टोके सुटली आहेत तो त्या सरासरीत बुडून जातो.”

हे मात्र काकाजींना समजावून द्यावे लागले नाही. तहसिलीत ज्याने उभी हयात पिकांची पैसेवारी लावण्यात घालविली, त्याला सरासरीचा अन्याय परका नसतो. “गावाची पैसेवारी पन्नासाच्या वर गेली,” ते म्हणाले, “म्हणून नाल्याकाठी खरडून गेलेल्या वावराला पीक येत नाही, आणि त्या वावराचा धनी माझ्यापुढे उभा राहिला, की कागदावर तो सुकाळातच असे. बोल पुढे. खरडलेली वावरे ओळखायची कशी, ते सांग.”

तेव्हा डॉक्टरांनी एडिंबरोच्या नोंदीचा हवाला दिला. स्कॉटलंडच्या त्या शहरात २००४ साली ८६८ रुग्णांवरून जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात, हाड मध्यभागी मोडले असता, चार गोष्टी न जुळण्याला कारणीभूत दिसल्या: वाढते वय, स्त्री असणे, मोडलेल्या टोकांचा परस्परांशी मुळीच स्पर्श न उरणे, आणि हाडाचा चुरा होणे. खांद्याकडच्या टोकाला मोडलेल्या हाडांत हा धोका एकंदरीने मधल्या भागापेक्षा जास्तच.

काकाजी उठून आत गेले आणि पुठ्ठा निखळलेले आपले सुश्रुताचे पुस्तक घेऊन आले. निदानस्थानाच्या पंधराव्या अध्यायात, त्यांनी दाखविले, कष्टाने बरे होणाऱ्या अस्थिभंगांत चूर्ण झालेला भंग सांगितला आहे. रोगी कृश, वृद्ध किंवा क्षीण असेल तर तोही. आणि चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, जो अल्प आहार घेतो, ज्याचा स्वतःवर ताबा नाही आणि ज्याची प्रकृती वातप्रधान आहे, अशाचे हाड मुश्किलीने जुळते असे म्हटले आहे. सांधा दृढ होण्याची मुदतसुद्धा पहिल्या वयात एक महिना, मध्यम वयात दोन, उतारवयात तीन. पट्टा सैल बांधला तर जोड स्थिर राहत नाही, घट्ट बांधला तर सूज आणि वेदना. खचलेली हासळी शेकून मुसळाने वर उचलावी आणि वर आलेली दाबून बांधावी, हेही तेथेच आहे.

“चुरा, वय, आहार, आचरण. तुझ्या एडिंबरोने नवीन काय शोधले?”

असल्या वादात आपल्याकडे येथे हटकून एक प्रकारचा राष्ट्राभिमान शिरतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. म्हणून पुतण्या काय बोलतो याकडे मी कान देऊन होतो. तो चिडला नाही. “यादी उत्तम आहे, काकाजी, आणि ती करणाऱ्याने रोगी डोळ्यांनी पाहिले होते याविषयी मला शंका नाही. पण ही यादी आहे, मोजदाद नाही. कृश माणसाचा धोका चुऱ्यापेक्षा जास्त की कमी? दोन्ही एकत्र आले तर किती? तुम्ही गावातल्या बुडीत वावरांची नुसती यादी वरिष्ठांकडे पाठविली असती, क्षेत्र आणि नुकसान न लिहिता, तर ती मंजूर झाली असती काय?”

“परत आली असती, शेरा मारून,” काकाजींनी कबूल केले.

“तशी मोजदाद २०१३ साली झाली. पुन्हा एडिंबरोच; मध्यभागी मोडून सरकलेली हाडे; शस्त्रक्रिया न केलेले ९४१ प्रौढ. त्यांपैकी १२५ जणांचे जुळले नाही, म्हणजे साधारण सात-आठांत एक. आणि कारणांची छाननी केली तेव्हा चुरा आणि सरकणे ही तर होतीच, पण त्या दोहोंच्या वर एक तिसरे निघाले: धूम्रपान. ओढणाऱ्याच्या बाबतीत हाड न जुळण्याचे पारडे सुमारे पावणेचार पटीने जड.”

आता या हमालाची बिडी सर्वश्रुत होती. परंतु काकाजींना आठवला तो त्याचा खर्रा. ज्यांनी विदर्भातल्या पानठेल्यावर खर्रा घोटताना पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना एका पन्नीत घेऊन ती पन्नी ताणलेल्या दोरीवर वा पाटावर तळहाताच्या जोराने पुढेमागे घासली जाते, इतकी की आतला ऐवज ऊन होऊन ओलसर, तपकिरी गोळा बनतो, आणि मग ती पुडी दिवसभर खिशात राहून थोडी थोडी गालात जाते. “तुझ्या त्या वहीत खर्रा कोणत्या रकान्यात लिहिला आहे?” काकाजींनी विचारले.

डॉक्टर क्षणभर थांबले. “कोणत्याच नाही. त्यांनी धूर मोजला. निकोटीन दोहोंतही आहे. ते सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि हाडाच्या जोडाला पहिल्या आठवड्यांत जे नवे रक्त पाहिजे तेच रोखते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड मात्र खर्र्यात नाही. तेव्हा तर्काने खर्रा दोषी, पण या हाडाच्या बाबतीत त्याच्यावर आकड्यांनिशी आरोप शाबीत करणारा कागद मजपाशी नाही.”

“आणि २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे शेकडा चारही भरत नाहीत आणि तंबाखू तोंडात धरणारे शेकडा चोवीस, हे तूच मला मागे सांगितले होतेस! म्हणजे तुझी मोजदाद अचूक. पण ती परक्या तालुक्याची.”

काकाजींचा हा आक्षेप मला पूर्णपणे न्याय्य वाटतो, जरी त्यातून त्यांना जो निष्कर्ष काढावयाचा होता तो निघत नाही. परक्या तालुक्याची मोजणी आपल्या शिवाराला जशीच्या तशी लागू होत नाही हे खरे. पण म्हणून शिवार मोजूच नये असे ठरत नाही, आणि हाडाचा चुरा तर स्कॉटलंडात काय नि रिसोडात काय सारखाच चुरा असतो.

मग स्वतः डॉक्टरांनीच, मला वाटते कुठल्याशा प्रामाणिक अस्वस्थतेतून, आपल्याच पक्षाविरुद्ध जाणारी एक गोष्ट पुढे ठेवली. २००७ साली कॅनडातल्या शल्यचिकित्सकांनी १३२ रुग्णांवर तुलना केली होती, तीत वर्षअखेर प्लेट टाकलेल्या ६२ जणांपैकी २ आणि हात बांधलेल्या ४९ जणांपैकी ७ जणांचे हाड जुळले नव्हते, आणि प्लेटवाल्यांचे खांदे अधिक कार्यक्षम होते. येथपर्यंत प्लेटचा जय. परंतु २०१३ साली २०० रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या तुलनेत, न जुळलेले रुग्ण हिशेबातून बाजूला काढताच दोन्ही गटांच्या खांद्यांत फरक उरला नाही.

काकाजी सरसावून बसले. “पुन्हा एकदा सांग.”

“प्लेटचा जो काही लाभ आहे तो सर्व न जुळणे टाळण्यात आहे. ज्याचे हाड आपोआप जुळते त्याला प्लेटने अधिक काही मिळत नाही.”

“मिळत नाही कसे? कातडीवर व्रण मिळतो!”

“व्रण मिळतो, त्याच्याखाली बधिरपणा मिळतो, क्वचित पू होतो, आणि हासळीवर मांस नसल्यामुळे प्लेट कातडीखाली हाताला लागते.” येथे डॉक्टरांचा स्वर किंचित उतरला. “हा हमाल आहे, पोते त्याच जागी टेकते. रोज घासले तर पुढे प्लेट काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया.”

“म्हणजे सात-आठांतला एक वाचविण्यासाठी बाकीच्या सहा-सातांना विनाकारण कापायचे. ही कसली मसलत?”

“सर्वांना कापा असे मी म्हणतच नाही. ज्याचे हाड सरकलेले नाही त्याला मी हातही लावीत नाही, आणि आठाच्या आकड्याचा तो घट्ट पट्टासुद्धा बांधीत नाही, कारण १९८७ सालीच एका तुलनेत दिसून आले की साध्या झोळीपेक्षा त्याने हाड काही चांगले जुळत नाही, त्रास मात्र जास्त होतो. पण या माणसात चुरा आहे, टोके सुटली आहेत आणि बिडी आहे. सात-आठांतला तो एक कोण, हे ओळखण्याची जी काही खूण शास्त्रापाशी आहे ती सगळी याच्या अंगावर आहे. शिवाय न जुळलेले हाड सहा महिन्यांनी दुरुस्त करायचे म्हणजे प्लेट तर टाकावी लागतेच, बहुधा कमरेचे हाड खरवडून तेथे भरावेही लागते. ते बहुतेक वेळा यशस्वी होते; पण शस्त्रक्रियेचा खर्च एखाद्या सरकारी योजनेत बसविला तरी तोवर बुडालेली मजुरी कोणत्या योजनेत बसवाल?”

या प्रश्नाला काकाजींपाशी उत्तर नव्हते. त्यांनी विषयाला बगल देऊन आपल्या थोरल्या बहिणीची गोष्ट काढली, जिचे हाड सत्तरीत खांद्याकडच्या टोकाला मोडले, कधीच जुळले नाही, आणि जी त्याच हाताने अजून भाकरी थापते. डॉक्टरांनी ते आनंदाने मान्य केले: उतारवयात त्या टोकाचे न जुळलेले हाड पुष्कळदा उपद्रव देत नाही, आणि उपद्रव नसेल तर केवळ एक्स-रेच्या समाधानासाठी माणसाला टेबलावर घेण्याचे कारण नाही. परंतु आत्याबाईंना पोती उचलावयाची नव्हती.

यापुढे दोघांनी जो मधला मार्ग काढला तो अनपेक्षितपणे काकाजींच्या सुश्रुतातून नव्हे, तर डॉक्टरांच्याच एडिंबरोतून आला. २०१९ साली तेथे असे दिसले की सहा आठवड्यांच्या मुदतीला रोग्याला पुन्हा तपासले आणि तीन गोष्टी पाहिल्या, म्हणजे एक्स-रेत नव्या हाडाचा धूसर पूल दिसतो की नाही, बोटांनी दाबता जोड हलतो की नाही, आणि नित्याच्या कामांत हात अजून फार अडतो की नाही, तर भविष्य पहिल्या दिवसापेक्षा बरेच स्पष्ट वाचता येते. तिन्ही दोष नसतील तर न जुळण्याचा संभव शेकडा तीन; दोन किंवा अधिक असतील तर शेकडा साठ. काकाजींना ही रीत तत्काळ पटली. एकदा पंचनामा करून भागत नाही, दुसरी पाहणी करावी लागते, हे महसुली कारभारातले जुने सूत्र. डॉक्टरांना ती तितकीशी पटली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. सहा आठवडे थांबल्याने शस्त्रक्रिया अशक्य होत नाही, पण सोपीही राहत नाही, असे ते पुटपुटले. आणि इतके दोष एकत्र असताना आपण ती पहिल्याच आठवड्यात केली असती, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. माझा स्वतःचा कौल, मला कोणी विचारला नाही तरी, डॉक्टरांच्या बाजूला थोडा झुकलेला होता.

ज्याच्या हाडावर ही दोन तासांची रुजवात झाली तो दिवेलागणीला आला. त्याला नीअर नको होते आणि सुश्रुतही नको होता. डावा हात गळ्यातल्या दुपट्ट्यात, सदऱ्याची ती बाही रिकामी, उंबऱ्याशीच उभा राहून त्याने विचारले, “पोतं कवा उचलता येईन, साहेब?”

डॉक्टरांनी त्याला दोन्ही वाटा सांगितल्या, आणि चांगल्या सांगितल्या. प्लेट टाकली तर हात लवकर मोकळा होईल, पण पोत्याला तीन महिने तरी लागतील, आणि पोते प्लेटवर घासेल. न टाकता जुळले तर तीन-चार महिने. न जुळले तर पुन्हा पहिल्यापासून.

हमालाने थोडा विचार केला. रब्बीचा हरभरा बाजारात यायला अजून अवकाश होता, आणि सोयाबीनचा हंगाम तर हातचा गेलाच होता. “सहा हप्ते पाहतो,” तो म्हणाला. “नाही जमलं तर तुमच्याकडंच येतो.”

“बिडी आजपासून बंद,” डॉक्टर म्हणाले. “पोटभर जेवायचे. डाळ, अंडी, दूध, जे परवडेल ते. आणि ही तारीख चुकवायची नाही.” त्यांनी एक्स-रेच्या पाकिटावर तारीख लिहिली.

“बिडी सोडतो, साहेब. खर्र्याचं मात्र...”

काकाजींनी पुतण्याकडे पाहिले. “बोल. तुझ्या वहीत तर खर्रा नाही.”

“वहीत नाही,” डॉक्टर म्हणाले, “तरी सोड.”

“सोडला की नाही हे तू त्याला विचारू नकोस,” काकाजी म्हणाले. “तुझ्यापुढे तो खोटे बोलेल. दर बाजाराच्या दिवशी मी विचारीन.”